हिराजीची घागर

"वंशावळ? ते तर मले तोंडपाठ हाय," असं म्हणत संजयभाऊंनी महागावात, अर्ज भरून देणाऱ्या विमलताईंच्या टेबलावर थाप मारली. त्यांच्या लेकीला, साधनाला, नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण जातपडताळणीचे कागद आठ दिवसांत जमले नाहीत तर जागा जाणार होती. गावातली पहिली नर्स हातची जाणार म्हणून भाऊंची झोप उडाली होती.

वंशावळीपुरता मात्र त्यांचा भरवसा आखाजीवर होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी पितरांच्या नावानं घागरी भरत. एक आजोबा उकंडाची, एक पणजोबा गणाजीची आणि एक हिराजीची. हिराजीची घागर सगळ्यांत मोठी, म्हणजे तो सगळ्यांत थोर, हे भाऊंनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. शिवाय ते दिवसभर वावरात राबून आले की आई मथुराबाई कौतुकानं म्हणायची, "माहा संजय हिराजीवर गेला." भाऊंची छाती फुगायची. प्रतिज्ञापत्रावर त्यांनी झोकात लिहून दिलं: मूळ पुरुष हिराजी, त्यांचा मुलगा गणाजी, त्यांचा उकंडा.

"आता कुंभार असल्याचा सदुसष्टच्या आधीचा एक कागद आना," विमलताई म्हणाल्या.

नेमका तोच नव्हता. उकंडानं चाक सोडून नांगर धरला आणि शेतकरी झाल्याचा त्याला एवढा आनंद झाला, की पोराच्या शाळेत जातीच्या रकान्यातही त्यानं 'शेतकरी' लिहून घेतलं. भाऊंनी पुसदचे नातेवाईक पालथे घातले, नेरच्या आत्याची पेटी उपसली. सातव्या दिवशी घरच्याच माळ्यावर, मडकी थापायच्या जुन्या थापटण्यासोबत फडक्यात बांधलेला एक पिवळा कागद सापडला. पुसट शाईत दोनच शब्द दिसले, 'हिराजी' आणि 'कुंभार'. भाऊंनी पुढचं वाचलंच नाही. चष्मा घरी राहिला आणि भाऊ मोटारसायकलवरून थेट महागावात.

विमलताईंनी कागद उजेडात धरला. आजूबाजूचे पाच-सहा जणही वाकले.

"कोंडवाड्याची पावती हाय, भाऊ. सन एकसष्ट. मालक उकंडा गणाजी, जात कुंभार. काम झालं तुमचं."

"आन् हिराजी?"

ताईंनी क्षणभर ओठ दाबून धरले. "जनावर गाढव, रंग करडा, नाव हिराजी."

टेबलाभोवती जे हसू फुटलं ते बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं असावं. भाऊंनी तिथंच बिनहिराजीचं नवं प्रतिज्ञापत्र केलं आणि मान खाली घालून घर गाठलं.

"माय, हिराजी गाढव होता?"

"मंग कोन होता?" तूर निवडता निवडता मथुराबाई म्हणाली. "तुह्या आज्याची माती त्यानं वाह्यली, मडके बाजारात नेले. त्याच्याच पाठीवर हे वावर झालं. आज्यानं मरताना सांगतलं, याची घागर चुकवू नका."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू कधी इचारलं?"

भाऊंना हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

साधनाचा प्रवेश पक्का झाला. पुढच्या आखाजीला हिराजीची मोठी घागर भाऊंनी स्वतः विहिरीवरून काठोकाठ भरून खांद्यावर आणली. आईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "माहा संजय अगदी हिराजीवर गेला."

साधना तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. भाऊंनी घागर जपून खाली टेकवली.

"हो माय," ते म्हणाले. "वझं तर मीच वाहून राह्यलो."