साडेतीन टनांचा संसार

"माझ्या नजरेतून आजवर पाच ग्रॅमसुद्धा निसटलेले नाहीत!" निघायच्या दिवशी सकाळी काटेसाहेब म्हणाले, ते सगळ्या गल्लीला ऐकू जावं अशाच बेतानं. आणि ते खोटंही नव्हतं. वजनमापे खात्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. ते बाजारात शिरले की दुकानदारांचे तराजू भीतीनंच सरळ व्हायचे. त्यांचं खरं आडनाव लोक विसरून गेले, काटेसाहेब तेवढं उरलं. आता हे नाव वजनाच्या काट्यावरून पडलं की पायात मोडणाऱ्या, ते ज्यानं त्यानं आपापल्या अनुभवानुसार ठरवलं होतं!

निवृत्त झाल्यावर साहेबांनी एक जुनं मोटारहोम घेतलं होतं. आत दोन पलंग, हातभर ओटा, आणि एका वेळी एकच कोपर भिजेल एवढं न्हाणीघर. मागच्या हुकाला त्यांची जुनी छोटी मोटार जोडलेली. ही सगळी वरात निघाली होती लेकीला भेटायला. लेक मालवाहू जहाजावर इंजिनिअर. पुढच्या रविवारी तिचं जहाज सुटणार होतं, ते थेट आठ महिन्यांसाठी. बंदर दोन दिवसांच्या वाटेवर. साहेब नऊ दिवस आधी निघाले. वक्तशीर माणूस!

नियम त्यांना तोंडपाठ होते. साध्या लायसन्सवर भरलेली गाडी साडेतीन टनांपर्यंत चालवता येते आणि मागे ओढायचं ते साडेसातशे किलोंपर्यंत. त्यापुढे मोठं लायसन्स. साहेबांनी दाराच्या चौकटीला ताणकाटा टांगला आणि दोन आठवडे घरातली एकेक वस्तू त्याला फाशी दिली. चादरी, चमचे, दाढीचा ब्रश, बायकोच्या केसांच्या पिना... पिनासुद्धा! बेरीज आली तीन हजार चारशे ब्याऐंशी.

"अठरा किलो शिल्लक!" साहेबांनी वही मिटली. "आता अडवून दाखवा म्हणावं मला!"

जे या बेरजेत बसेना, ते त्यांनी मागच्या छोट्या मोटारीत कोंबलं. हत्यारांची पेटी, दोन जादा टायर, घडीच्या खुर्च्या, चौतीस वर्षांच्या डायऱ्या. "मोटार वेगळी, घर वेगळं," असं त्यांचं शास्त्र होतं.

शुक्रवारी दुपारी महामार्गावरच्या तपासणी नाक्यावर एका तरुण इन्स्पेक्टरबाईंनी हात दाखवला.

"काका, गाडी वजनकाट्यावर घ्या."

'काका' ऐकून साहेबांच्या भुवया कपाळावर चढल्या, पण गाडी त्यांनी लग्नघरात वरबापानं शिरावं तशी ऐटीत काट्यावर चढवली. खिडकीतल्या कारकुनानं आकडा वाचला. "तीन हजार सातशे तीस!"

"अशक्य!" साहेबांनी वही फडकावली. "हे बघा! पिनांसकट मोजलंय!"

इन्स्पेक्टरबाईंनी वही शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. "टाकीतलं पाणी?"

"म्हणजे?"

"शंभर लिटर दिसतंय. शंभर किलो झालं ते. आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही? आम्ही माणसं आहोत! आम्ही काय सामान आहोत का?"

"मग गाडीत काय, हवेत तरंगता?"

वहिनींना हसू आवरेना. काटेसाहेबांच्या पत्नीला सगळे वहिनीच म्हणत, अगदी वाण्यापासून डॉक्टरपर्यंत. त्या बिचाऱ्या पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागल्या. साहेब सत्त्याऐंशी किलो, वहिनी एकसष्ट. पाणी धरून बेरीज केली तर काटा किलोला किलो बरोबर! मागची मोटार मोजली, ती आठशे अडुसष्ट भरली.

पण हार मानतील तर ते काटेसाहेब कसले!

"एक मिनिट! हे वाहन नाही, घर आहे! आत ओटा आहे, पलंग आहेत. घराला कुठे लायसन्स लागतं का?"

"घर?" इन्स्पेक्टरबाईंनी आपल्या पावतीपुस्तकाचं नवं पान उघडलं. "मग सरकारी जागेत विनापरवाना बांधकाम. त्याचा फॉर्म वेगळा असतो. देऊ?"

"वाहनच आहे," साहेब घाईघाईनं म्हणाले. मग त्यांनी हुकमाचं पान काढलं. "तुमचा काटाच चुकीचा आहे! तपासणीचा दाखला दाखवा! कुणी तपासलाय हा?"

कारकुनानं भिंतीवरची चौकट काढून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी चष्मा पुसून खालची सही पाहिली. लांबलचक शेपटी, तिच्यावर दोन ठिपके. ती सही ते रोज सकाळी आरशाच्या वाफेवरसुद्धा करत. त्यांचीच होती!

कारकून खिडकीतून वाकून कुजबुजला, "साहेब, काटा कधी कधी अडकतो, असं लिहून द्या. मी हो म्हणतो. सुटाल."

"काय?" साहेब असे कडाडले की मागच्या ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. "मी पास केलेला काटा अडकतो? हा काटा एका किलोनं जरी खोटा निघाला तर मिशी उतरवीन! तीन हजार सातशे तीस म्हणजे तीन हजार सातशे तीस! बाई, लिहा! गुन्हा कबूल!"

इन्स्पेक्टरबाईंनी लिहिलं. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "काका, सोपं आहे. पाणी सोडून द्या, सामान निम्मं उतरवा, छोटी मोटार इथे ठेवा आणि जा. नाहीतर मोठं लायसन्स. मागच्या मैदानात शिकवणीची शाळा आहे, परीक्षा दर गुरुवारी."

"अहो, सामानच उतरवू," वहिनी हळूच म्हणाल्या. "तुम्हाला कुठे झेपणार आता ही परीक्षाबिरीक्षा?"

"कुणाला झेपणार नाही? मला? एक चमचा उतरणार नाही! गुरुवारी लायसन्स घेऊनच निघेन!"

अशा रीतीनं त्यांचा संसार नाक्यामागच्या पटांगणात, ट्रकांच्या रांगेशेजारी मांडला गेला. साहेबांनी अर्ज भरला. वहिनी छोटी मोटार बरीच वर्षं चालवत होत्या. त्यांनीही एक अर्ज मागून घेतला.

"तू कशाला?"

"सहा दिवस बसून काय करू? तेवढाच वेळ जाईल."

साहेब प्रेमानं हसले. लहान मूल पोलीस व्हायचं म्हणालं की आपण हसतो, तसे.

शिकवणारे मास्तर दिवसाला मोजून दहा शब्द बोलत. पाठही एकच होता: मागे जोडलेला ट्रेलर उलट चालवत दोन पिंपांच्या मधून न्यायचा. "डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे," मास्तर म्हणाले आणि सकाळचा कोटा संपवून बसले.

"हे कुठलं शास्त्र?" साहेबांना पटेना. "डावीकडे जायचं तर माणूस डावीकडेच वळणार!"

ते डावीकडे वळले. ट्रेलर उजवीकडे गेला. त्यांनी आणखी डावीकडे पिळलं. ट्रेलर चाकूसारखा घडी होऊन गाडीच्या कुशीत शिरला. सोमवारपर्यंत चार पिंपं चेपली. मंगळवारी तर कहरच झाला. ट्रेलर मैदान ओलांडून, राखणदाराच्या खुर्चीला चिरडून, नाक्याचा आडवा दांडा मोडून थेट वजनकाट्यावर जाऊन बसला! राखणदार नेमका पाणी प्यायला उठला होता म्हणून वाचला.

दोन्ही बाजूंना ट्रक तुंबले. अकरा ड्रायव्हर खाली उतरले आणि अकरा जणांनी बारा सल्ले दिले.

"काका, पुढे घ्या!"

"अहो पुढे नाही, मागे! मागे!"

"चाक सोडा आणि खाली उतरा!"

"कुणी शिकवायचं नाही मला!" साहेब खिडकीतून गरजत होते. "ट्रेलरच सदोष आहे! याचा दाखला कुठाय?"

काट्याच्या खिडकीत आकडा लुकलुकत होता. कारकुनानं सवयीनं तो मोठ्यानं वाचूनही टाकला!

शेवटी वहिनी ओले हात पुसत मोटारहोमच्या पायरीवरून उतरल्या, चालत आल्या आणि म्हणाल्या, "जरा सरका." साहेब घशाला कोरड पडली म्हणून सरकले, असं त्यांनी नंतर सांगितलं. वहिनींनी गाडी पुढे घेऊन मैदानात आणली, एकदा आरशात पाहिलं, एकदा चाक फिरवलं, मग थोडं परत आणलं. ट्रेलर गरीब गाईसारखा उलटा निघाला आणि दोन पिंपांच्या बरोबर मधे जाऊन उभा राहिला. अकरा ड्रायव्हरांनी टाळ्या पिटल्या. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "वा!" त्यांचा तो दिवसाचा अकरावा शब्द होता.

गुरुवारी परीक्षा झाली. निकालाचं वेगळं काय सांगायचं! वहिनींच्या हातात मोठं लायसन्स आलं. साहेबांच्या कागदावर लाल शाईत शेरा होता: 'वाहनाशी वाद घालतात.'

"मी वरपर्यंत दाद मागणार!" साहेब म्हणाले.

"मागा ना. आत बसून मागा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली.

शुक्रवारी सकाळी निघून शनिवारी संध्याकाळी ते बंदरावर पोचले. लेक धक्क्यावरून धावत आली आणि चालकाच्या बाजूनं आईला उतरताना पाहून तिनं अशी शिट्टी मारली की जहाजावरचे लोक डोकावले. भेट झाली, पोटभर झाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण साहेबांना जे कळायचं होतं ते त्याआधी, वाटेतच कळलं.

नाका मागे पडून तासभर झाला होता. साहेब शेजारी हाताची घडी घालून बसले होते. अखेर न राहवून त्यांनी विचारलं, "त्या ट्रेलरचं तुला इतक्या लवकर कसं जमलं गं?"

"त्यात शिकायचं काय होतं? जिकडे न्यायचं त्याच्या उलट फिरवायचं, की तो आपोआप हवा तिकडे जातो. पस्तीस वर्षं तेच तर करतेय."

"म्हणजे?"

"काही नाही."

"मला कुणी वळवू शकत नाही, कळलं?"

"छे! कुणाची टाप आहे!"

साहेब समाधानानं मागे टेकले. पाचेक मिनिटांनी मात्र त्यांच्या मनात काहीतरी टोचायला लागलं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते आरामखुर्चीत पडून म्हणाले होते, आता इथून हलणार नाही. तेव्हा ही म्हणाली होती, "बरोबर आहे. या वयात आपल्याला कुठलं फिरणं झेपतंय!" आणि पुढच्याच आठवड्यात तणतणत जाऊन मोटारहोम कुणी आणलं होतं?

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.

"पुढे चहाचं दुकान दिसतंय," ती म्हणाली. "पण नको थांबायला. तुम्ही दमला असाल, उगाच चढउतार..."

"दमलो? मी?" साहेब गरजले. "थांबायचंच!"

गाडीचा दिवा डावीकडे वळण दाखवत केव्हाचा लुकलुकत होता.