मोरितासान आणि रिकामा पेला

मोरितासानांना घरी जेवायला बोलवावे, हा निर्णय मी उद्वाहनात, चौथा मजला आणि तळमजला यांच्या दरम्यान घेतला. मला शांतता सोसत नाही, आणि ते गृहस्थ शांततेतच वास्तव्य करतात. मोरितासान हे अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या आमच्या कचेरीचे प्रमुख. (त्यांना 'बॉस' म्हणणे माझ्या जिवावर येते. 'वरिष्ठ' हा उत्तम शब्द घरात पडून असताना उसनवारी कशाला?) माझा एक वर्षाचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. तो कायम करायचा की नाही, हे तेच ठरवणार होते. कराराला निवासाचा परवाना जोडलेला, परवान्याला शेजारच्या आल्मेरे गावातले घर, आणि घराला माझ्या पत्नीने, वृंदेने, नुकतीच लावलेली मेथी. इतक्या डब्यांच्या गाडीचे इंजिन माझ्या शेजारी छत्री धरून मुकाट्याने उभे होते.

"रविवारी आमच्याकडे जेवायला याल का?" मी विचारून गेलो.

ते कमरेत वाकले. मीही वाकलो. दार उघडले तेव्हा बाहेरच्या मंडळींना वाटले, आमचे काहीतरी खाली पडले आहे.

घरी वृंदेने बातमी शांतपणे घेतली. पुऱ्या, मसालेभात, श्रीखंड एवढे तिने तिथल्या तिथे ठरवूनही टाकले. काळजी लावली ती माझा सहकारी अनिमेष याने. जपानी पाहुणा घरी येणार आणि साके नाही, हे त्याच्या मते मुंजीला भटजी न बोलावण्यासारखे होते. आता, माझ्या पेयविषयक अनुभवाच्या एका टोकाला कोकम सरबत आणि दुसऱ्या टोकाला खोकल्याचे औषध. (आईवडिलांनी माझे नाव नीळकंठ ठेवले खरे, परंतु हलाहल पचवण्याची शक्ती सोबत द्यायची राहून गेली.)

तरीही शनिवारी मी अ‍ॅमस्टरडॅमला गेलो आणि एका गल्लीतले साकेचे दुकान शोधून काढले. दुकानाची मालकीण माझ्याहून हातभर उंच. मी भीत भीत 'तांदळाची वाइन' मागितली. त्यावर तिने मला थांबवले आणि साके ही वाइन नव्हेच, असे बजावले. द्राक्षात साखर आयतीच असते. इथे आधी एक बुरशी भाताच्या पिठूळपणाची साखर करते आणि मग ती साखर आंबते. म्हणजे आंबोळीच्या पिठाने उच्च शिक्षण घ्यावे, तसा हा प्रकार. शब्दांच्या बाबतीत इतकी काटेकोर बाई पाहून माझ्या मनात तिच्याविषयी आदर दाटून आला. मात्र तिने पुढे केलेल्या बाटलीसाठी तांदळाचा दाणा घासून घासून जवळजवळ निम्मा उरवला आहे, हे ऐकताच मला राहवले नाही. उरलेल्या निम्म्या तांदळाचे काय केले, असे मी विचारले. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

तिने घोटभर चाखायला दिले. गार, निवळ, किंचित गोड. पेजेत कोणीतरी पिकलेला नाशपती बुडवून काढावा तसे. मी निर्धास्त झालो, आणि मग माझी कानशिले तापली. मी बाटली घेऊन निघताना तिने एक नियम सांगितला: आपला पेला आपण भरायचा नाही, समोरच्याचा भरायचा, आणि तो रिकामा राहू द्यायचा नाही. हा नियम मी आल्मेरेची गाडी येईपर्यंत फलाटावर घोकत होतो.

रविवारी मोरितासान ठरल्या वेळी आले, आणि येताना स्वतः एक बाटली घेऊन आले. माझ्या एकट्या बाटलीचे संकट तरी मर्यादित होते.

पाने वाढली. मी दोन्ही हातांनी त्यांचा पेला भरला. त्यांनी दोन्ही हातांनी माझा. पेला तीर्थाच्या पळीहून जरासाच मोठा होता. पहिला घोट झाल्यावर मोरितासानांनी घसा खाकरला.

"नीळकंठसान, तुमच्या कराराविषयी..."

वाईट बातमी श्रीखंडानंतर यावी, एवढ्याच हेतूने मी त्यांचा पेला पुन्हा भरला. भरताच त्यांना बोलणे थांबवून तो उचलावा लागला. पिऊन झाल्यावर त्यांनी माझा रिकामा पेला पाहिला आणि भरला. मी तो संपवला. त्यांनी घसा खाकरला. मी बाटली उचलली.

असे किती वेळा झाले ते सांगण्याच्या अवस्थेत आम्हां दोघांपैकी कोणीही नव्हते. माझी बाटली संपून त्यांची उघडली गेली. मोरितासानांचा चेहरा त्यांच्या पानातल्या टोमॅटोच्या कोशिंबिरीशी एकरूप झाला होता. समोरची भिंत आल्मेरेच्या वाऱ्यात असावी तशी मला हलताना दिसत होती.

तेव्हा वृंदा पुरी वाढण्याच्या निमित्ताने माझ्याजवळ वाकली. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचे हसू तसेच ठेवून ती मराठीत म्हणाली, "अहो, पेला भरलेला राहू द्या."

"का?"

"तुमचा रिकामा दिसला की ते भरतात. भरलेला ठेवलात तर थांबतील. केव्हाची बघतेय मी."

"पानात टाकू?" मी कासावीस झालो. "पाहुण्यांसमोर?"

"ते अन्न नाहीये."

"तांदळाचं आहे, वृंदा."

"मग भात समजून पुरे म्हणा."

"आणि त्यांचं काय? तेही थांबत नाहीत."

"ते कसे थांबतील? तुम्ही बाटली खाली ठेवलीत का एकदा तरी? आग्रह करताय की सूड घेताय?"

एवढे बोलून तिने मोरितासानांना गोड हसून पुरी वाढली. त्यांनी ती, नाही म्हणता न आल्यामुळे, घेतली.

अन्न टाकू नये हा संस्कार माझ्या हाडात आहे. भरल्या पेल्यावरून हात मागे घेताना मला आमच्या सगळ्या पूर्वजांच्या भुवया उंचावलेल्या दिसल्या. तरीही मी हात मांडीवर ठेवला, आणि बाटली टेबलाखाली.

मोरितासानांनी माझ्या भरलेल्या पेल्याकडे पाहिले. मग स्वतःच्या. बाटली टेबलावर दिसेना. पुरातून काठाला लागलेल्या माणसासारखा त्यांनी श्वास सोडला. पाठ ताठ केली, पहिल्या प्रयत्नात किंचित डावीकडे कलली ती दुसऱ्यात सरळ केली, आणि घसा खाकरला. या खेपेस माझ्या हाताशी काहीच नव्हते.

"नीळकंठसान, करार कायम झाला आहे. मी बुधवारीच सही केली. तेच सांगायला आज आलो." बाटली टेबलावर परत आली नाही ना, हे त्यांनी पाहून घेतले. "आल्यापासून सांगतो आहे."

वृंदेच्या हातातला झारा तसाच राहिला. परवाना, घर, मेथी, सगळे डबे रुळावर आले. मला बोलायला शब्द सुचेना (ही घटना आमच्या घरात नोंद घेण्याजोगी). डोळे भरून आले, ऊर भरून आला, आणि त्या भरात मी समोरचा पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

मोरितासानांनी त्या रिकाम्या पेल्याकडे पाहिले. क्षणभर डोळे मिटले. मग ते टेबलाखाली वाकले, चाचपून बाटली शोधून काढली आणि दोन्ही हातांनी उचलली. मला कायम करण्यात आपण घाई केली, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतके स्वच्छ उमटले होते की त्यासाठी जपानी भाषा येण्याची गरज नव्हती.