श्रीधरपंतांच्या साठ चिठ्ठ्या

"इंग्रजीत आहे काय एवढं? साठ शब्द आले की बाई लंडनला जाऊन भाजी आणेल!" श्रीधरपंतांनी घरात जाहीर केलं.

"मग तुम्हीच आणा. इथली मेथी कडू निघते," त्यांच्या पत्नी उल्काताई जुडी निवडता निवडता म्हणाल्या.

पंतांनी खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं खोक्यांवर लेबलं चिकटवली होती. जिच्यावर लेबल नाही ती वस्तूच नाही, हा त्यांचा सिद्धान्त! निवृत्त झाल्यावर त्यांनी कसबा पेठेतल्या पाच बायकांचा इंग्रजीचा वर्ग काढला. "माझ्या घरात वर्ग नको," असं उल्काताईंनी बजावलं होतं, म्हणून रंगरावांच्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावरचा माळा मिळवला. रंगरावांची अट एकच: तक्रार आली की माळा बंद. आणि माळा बंद म्हणजे दिवसभर घरात बसून टोमणे ऐकणं! त्या विचारानेच पंतांना घाम फुटायचा.

त्यांनी साठ चिठ्ठ्या लिहिल्या. वर शब्द, खाली सोपा अर्थ. "स्लो: ज्याला घाई नाही." वाटताना एक चिठ्ठी कमी भरली, पण पंत रंगात आले होते.

"पाठांतर नको! शब्द जिथे लागू पडेल तिथे चिकटवून या. ही खळ मी स्वतः शिजवलीय. पावसातसुद्धा निघायची नाही!"

यमुनाबाईंना प्रत्येक गोष्टीचं भारी कुतूहल. "सर, माणसांनाही शब्द लागू पडतात का हो?"

"अर्थात! शब्दाला सगळे सारखेच."

इथेच पंत फसले.

दुसऱ्या दिवशी रंगराव आपली पेटी कवटाळून जिना चढून आले. दुकान उघडण्याआधी ते रोज तासभर भजनं म्हणत. पेटीवर चिठ्ठी होती: "नॉइज: नको असलेला आवाज."

"हे अक्षर कुणाचं, पंत?"

"अक्षर माझं, पण..."

"चिकटवलं मी," यमुनाबाई उत्साहाने उभ्या राहिल्या. "सर, बरोबर आहे ना?"

पंतांनी रंगरावांकडे पाहिलं. मग यमुनाबाईंकडे पाहिलं. खोटं बोलायला जीभ वळेना.

"वापर... अचूक आहे," ते पुटपुटले.

रंगरावांचा चेहरा त्यांच्याच घंगाळासारखा लाल झाला! तेवढ्यात खालून योगेश शिंप्याची हाक आली. त्याच्या मशीनवर "स्लो" होतं. वर्गातल्या मालनबाईंचा ब्लाउज दिवाळीपासून त्याच्याकडे पडून होता, त्यामुळे मालनबाई माघार घेईनात. आणि नाक्यावरच्या फ्लेक्सवर, भावी नगरसेवक दिग्विजय यांच्या बरोब्बर कपाळावर, "एम्प्टी: ज्याच्या आत काही नाही"!

पंत उलथणं घेऊन धावले. स्टुलावर चढून खरवडायला लागले. खळ कसली निघते! चिठ्ठी जागेवरच राहिली आणि दिग्विजय यांचं अर्धं कपाळ उलथण्यावर आलं.

"अरे, हा बघा! म्हातारा चिकटवतोय!" कार्यकर्ते ओरडले.

"चिकटवत नाही, काढतोय!"

"कपाळ काढताय?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेने ते अक्षर ओळखलं होतं. रंगरावांनी माळ्याला कुलूप घातलं. "आपला वर्ग आपण आपल्या घरी भरवावा," ते पंतांना म्हणाले.

पंतांचा चेहरा पडला. मात्र यमुनाबाईंना लगेच कल्पना सुचली. "सर, खरंच तुमच्या घरीच भरवू या की! उल्काताई काय नाही म्हणणार आहेत?"

पुढे पंत, मागे पाच बायका, अशी वरात घरी पोचली. दार लावलेलं होतं. दारावर, अगदी मधोमध, हरवलेली साठावी चिठ्ठी होती:

"क्लोज्ड: जे आता उघडणार नाही ते."

पंतांनी नखाने कोपरा उचलून पाहिला. तसूभर हलला नाही. खळ त्यांचीच होती.

"अहो," आतून उल्काताईंचा आवाज आला, "बरोबर चिकटवलंय ना?"

पाचही विद्यार्थिनी उत्तरासाठी सरांकडे पाहत होत्या.

"अचूक," पंत म्हणाले आणि पायरीवर बसले.