तात्या, हाय का?

दुपारी कुणी काही काम सांगितलं की सोपानतात्या हात जोडायचे आणि म्हणायचे, "आता न्हाय बाबा. दुपारचं मला शाळंत मरायचं असतंय."

नवखा माणूस दचकायचा. आमच्या वस्तीवरचे लोक मात्र शांतपणे विचारायचे, "मग मेल्यावर या की. कवा मोकळं व्हाल?"

"अर्ध्या तासानं," तात्या सांगायचे, आणि धोतराचा सोगा सावरत शाळेकडं निघायचे.

ही शाळा म्हणजे अंथुर्ण्याच्या पलीकडं उसाच्या फडांमध्ये बसलेली जिल्हा परिषदेची वस्तीशाळा. गळक्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक मोठा कडुनिंब. मी तिथं मुख्याध्यापक होतो. प्रत्येक बैठकीत आम्हाला सांगायचे, लोकसहभाग वाढवा. म्हणून एका उन्हाळ्यात मी घरोघर फिरलो. किराणा दुकानवाल्या मुलाणीभाईंनी भिंतींना रंग दिला. कारखान्यातल्या एका फिटरनं रविवारी येऊन नळ जोडले. बायकांनी मिळून परसबाग लावली. सगळ्यात शेवटी मी तात्यांच्या दारात उभा राहिलो.

तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा चाकणला कंपनीत. घरात तात्या, एक म्हैस आणि एक रेडिओ. तिघांपैकी रेडिओच काय तो बोलका.

"गुरुजी, द्यायला माझ्याकडं काय न्हाय," तात्या म्हणाले. "पर येळ लई हाय. येळ घेता का?"

आता वेळेचं मी काय करणार? मग मला आठवलं, शाळेतली खिचडी मुलांना वाढायच्या आधी अर्धा तास कुणीतरी मोठ्या माणसानं चाखायची असते. रोज मीच घाईघाईत एक घास तोंडात टाकायचो. मी तात्यांना तो नियम वाचून दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले.

"अर्धा तास आधी कशापायी?"

"तसं काही नाही. आपली काळजी म्हणून."

"म्हंजे खाणाऱ्याला काय झालं तर तेवढ्यात कळावं म्हणून. व्हय ना?"

मी उगाच हसलो. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "उद्यापासनं येतो. पोरांच्या आधी मी."

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. म्हणे पोट कोरं पायजे, न्हाय तर दोष कुणाचा ते कळत न्हाय. स्वयंपाक करणाऱ्या सुमनबाईंनी ताटली भरायला घेतली तर तात्यांनी हात आडवा केला. "पळीभरच. मी जेवायला न्हाय आलो, ड्युटीवर हाय." पळीभर खिचडी त्यांनी डोळे मिटून चावली, पाणी प्याले, आणि कडुनिंबाखाली मांडी घालून बसले.

"चव कशी आहे?" मी विचारलं.

"चवीचं मागनं. आधी मी राहतोय का बघू."

पहिले दोन-तीन दिवस मुलं नुसती लांबून बघत होती. मग तिसरीतली सानिया, मुलाणीभाईंची नात, धीर करून झाडाजवळ गेली आणि ओरडली, "तात्या, हाय का?"

तात्यांनी एक डोळा उघडला. "हाय!"

झालं. तो रिवाजच पडला. वर्गात पाढे चाललेले असायचे आणि मधूनच एक पोर खिडकीतून डोकं काढायचं. "तात्या, हाय का?" "हाय!" जरा वेळानं दुसरं. लघवीला जाणारं पोर जाताना विचारायचं आणि येताना परत. अर्धा तास भरला की तात्या उठून धोतर झटकायचे आणि सुमनबाईंना मोठ्यानं सांगायचे, "वाढा! म्हातारा टिकला." मग निकाल. "आज मीठ जरा लाजलंय." किंवा, "वाटाणा अजून शेतातच हाय." सुमनबाई चिडायच्या. "एवढं कळतंय तर घरी का भाकरी करपते तुमची?" तात्या म्हणायचे, "घरी चाखणारा कोण हाय?"

एकदा तात्यांना झाडाखाली डुलकी लागली. सानियानं विचारलं, उत्तर नाही. दुसऱ्यानं विचारलं, उत्तर नाही. मग जो गोंधळ उडाला! निम्मी शाळा रडत झाडाभोवती. सुमनबाई पातेल्याकडं बघून म्हणत होत्या, "अवो मी काय बी घातलं न्हाय त्यात!" कुणीतरी बादलीभर पाणी तात्यांवर ओतलं. तात्या ताडकन उठले. सगळा प्रकार कळल्यावर ते खजील झाले. "ड्युटीवर झोपलो. चुकी माझी. पुन्हा पळीभर द्या, पुन्हा अर्धा तास." भुकेल्या पोरांनी असा सूर काढला की तात्यांना कायदा पहिल्यांदाच शिथिल करावा लागला.

सवय इतकी अंगात मुरली की भिगवणला एका लग्नात, पंगत बसलेली असताना, पहिला घास खाऊन तात्यांनी हात वर केला, "थांबा!" वाढपी जागच्या जागी थांबले. नवरीचा बाप धावत आला. "अवो तात्या, गाडीची वेळ झाली वऱ्हाडाची!" तात्या म्हणाले, "वऱ्हाड पोचायचं तर आधी टिकलं पायजे."

पुढं बारामतीच्या एका कंपनीनं आमची शाळा निवडली. दोन पक्क्या खोल्या आणि मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून देणार होते. पाहुणे बघायला आले, सोबत फोटो काढणारा. नेमकी खिचडीची वेळ. मी अंगणात उभा राहून लोकसहभागावर बोलत असताना खिडकीतून आवाज आला, "तात्या, हाय का?"

"हाय!"

एका बाईंनी कौतुकानं त्या मुलाला विचारलं, "काय रे बाळ, हे काय चाललंय?"

तो म्हणाला, "तात्या मरतंय का बघतोय."

पाहुण्यांचे चेहरे उतरले. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, इथल्या अन्नाबद्दल काही तक्रार आहे का. मी सारवासारव केली, पण खोल्या हातच्या जातील अशी भीती वाटत होती. शाळा सुटताना मी तात्यांना बोलावलं. म्हणालो, "तात्या, वरून आदेश आलाय. चव आता फक्त शाळेतल्या मुलांच्या पालकांनीच घ्यायची."

असा कुठलाही आदेश आला नव्हता.

"जिल्ह्यावरनं का?"

"हो."

"मग काय," तात्या म्हणाले. त्यांची ताटली त्यांनी स्वतः घासली, सुमनबाईंच्या हातात दिली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी खिचडी मीच चाखली. सानिया जवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, आज तुम्ही मरणार का?" मी तिला वर्गात पाठवलं. अर्धा तास मी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलो. खिडकीतून एकही डोकं बाहेर आलं नाही.

खोल्या झाल्या. कोनशिला बसली. तिच्यावर रंग देणाऱ्याचं नाव आहे, नळ जोडणाऱ्याचं आहे, माझंही आहे. तात्यांचं नाही. पुढं चहाच्या टपरीवर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "म्हातारं फुकटच्या खिचडीसाठी जात हुतं, म्हणून वरनं बंद केलं." मी चहा संपवला आणि गप्प उठून आलो. वस्तीवर आजही तेच बोललं जातं. म्हणून हे लिहितोय. तात्या पळीभरच्या वर कधी खात नसत. त्यांना मी बोलावलं होतं, आणि मीच घालवलं.

निवृत्त होऊन मी जळोचीला मुलाच्या घरी राहायला आलो. गेल्या वर्षी बायको गेली. मुलगा-सून सकाळी कामावर जातात, संध्याकाळी येतात. बायकोला जाऊन महिना झाला असेल, एका दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर.

"गुरुजी, हाय का?"

आवाज ओळखायला वेळ लागला नाही. "आहे," मी म्हणालो.

"बरं," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला. नंबर त्यांनी मुलाणीभाईंकडून घेतला होता. तेव्हापासून रोज दुपारी, शाळेत खिचडी व्हायच्या वेळेला, फोन येतो. तेवढंच विचारतात, तेवढंच ऐकतात. फोन येईपर्यंत माझं लक्ष कशात लागत नाही.

परवा मात्र मला राहवलं नाही. म्हणालो, "तात्या, ठेवू नका. तो आदेश वरून आला नव्हता. मला पाहुण्यांची लाज वाटली. मीच तुम्हाला घालवलं."

पलीकडं म्हैस हंबरली.

"ठावं हाय," तात्या म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. गुरुजी, शाळंला साधा खडूच्या खोक्याचा कागद आला तरी तुमी मला वाचून दाखवायचा. ह्यो आदेश तेवढा दाखवला न्हाय. तवाच वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरं गळक्या पत्र्याखाली बसत हुती. खोल्या मिळत हुत्या. माझं काय, मी घरी बी मरू शकतो." मग म्हणाले, "फकस्त घरी कुणी इचारत न्हाय."

तात्यांनीच विषय बदलला.

"आज काय केलंय?"

"खिचडी. माझी मीच."

"मीठ?"

"लाजलंय."

ते खुदकन हसले. "खाल्ली का?"

"दोन घास."

"मग बसा आता. हलू नका. अर्ध्या तासानं बघतो."

मी ताट बाजूला सारलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत फोन मांडीवर घेऊन बसलो. समोर रस्त्यावर ऊन होतं, माणूस नव्हतं. अर्धा तास काही झाला नव्हता, तोच फोन वाजला.

त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणालो, "हाय, तात्या. हाय."