आधी तास सांगा!

कोणाला नोकरी लागली की माणसं अभिनंदन करतात. आमचे दामूअण्णा म्हणत, "आधी तास सांगा!" मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलाने पगार सांगितला, तर पोहे हातात घेऊन यांचा तोच प्रश्न. एकदा गणपतीत मोदकांसाठी आणलेल्या आचाऱ्यालाही त्यांनी विचारलं. आचारी रागावून निघून गेला आणि बाप्पाला संदेश या बंगाली मिठाईचा नैवेद्य दाखवावा लागला.

कलकत्त्यात भवानीपूरला आमच्या खालच्या खोलीत अण्णा एकटेच राहत. जन्मभर एका व्यापारी पेढीत कारकुनी करून निवृत्त झालेले. किमान वेतनाचा कायदा नुकताच आला होता, आणि सरकारने तो खास आपल्या हवाली केलाय अशा थाटात ते वावरत.

माझा मेहुणा वसंता बी. ए. होऊन साताऱ्याहून आला तो वर्षभर आमच्या दोन खोल्यांत बसून होता. शेवटी बराकपूरजवळच्या एका तेलगिरणीत त्याला कारकुनी मिळाली. महिन्याचा पगार, राहणं-जेवणं गिरणीतच. मी सुटकेचा निःश्वास टाकला. बायकोने संदेश वाटले. अण्णांनी आपला संदेश बशीतच ठेवला.

"तास?"

"उजाडल्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंत," वसंता म्हणाला. "रविवारीसुद्धा."

अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार मांडला. "तासाला पडतं ते तिथल्या हमालाच्या किमान मजुरीपेक्षा कमी! हा पगार कायद्यात बसत नाही."

"अहो, तो कारकून आहे, हमाल नव्हे!"

"तेलगिरण्या कायद्याच्या यादीत आहेत, आणि त्यात कारकूनही आले. पगार महिन्याचा म्हणून तास काही हवेत जात नाहीत!"

संदेशाला मुंग्या लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षाने हाती आलेली नोकरी हा माणूस घालवणार!

दुसऱ्या दिवशी अण्णा वसंताबरोबर गिरणीत निघाले. आणखी घोळ नको म्हणून मीही गेलो. अण्णांचा बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, काखेत छत्री. त्या बोडक्या डोक्यांच्या मुलखात टोपी बघून मालक उभाच राहिला.

"बाबू को तो तनख्वाह मिलती है, मजूरी थोड़े ही," तो चाचरत म्हणाला.

"वो हमको मत सिखाव! पहिले तास बोलो!"

ही हिंदी ऐकून तर हा दूरचा कोणी सरकारी इन्स्पेक्टरच, अशी त्याची खात्री पटली. रसगुल्ले आले. अण्णांनी हात लावला नाही, तेव्हा त्याला घामच फुटला. पगार तोच राहिला; पण संध्याकाळी सुटी, रविवार मोकळा, आणि राहायला घरी. घरी म्हणजे आमच्याच दोन खोल्यांत! मी कपाळाला हात लावला.

पुढे एका संध्याकाळी पाहुण्यांना गाडीत बसवायला सियालदहला गेलो होतो. बराकपूरच्या गाडीच्या फलाटावर अण्णा उभे. दोन्ही हातांत चहाचे मातीचे पेले.

"वसंताची गाडी येईल एवढ्यात," ते म्हणाले. "रोज येतो मी."

"रोज? तो काय लहान आहे?"

"कामावरून सुटलेल्या माणसाची कोणीतरी वाट बघावी."

मी वैतागलोच. "अण्णा, तुमच्या पेढीत तुमचे तास किती होते हो?"

अण्णा चहाकडे बघत राहिले. "कधी विचारलेच नाहीत. साहेब थांब म्हणायचा, मी थांबायचो."

"तुम्ही? का?"

"सुटून जायचं कुठे होतं?"

गाडी आली. अण्णा टाचा उंचावून गर्दीत वसंताला शोधू लागले. चहा सांडू नये म्हणून दोन्ही पेले मी हातात घेतले.