सहा दहाची गाडी

जे वेळापत्रक पाहून गाडी सापडते तो नुसता कागद. जे पाहून ती हमखास चुकते तो वारसा. उपनगरी गाड्यांची जुनी वेळापत्रके जमवणाऱ्यांचे मंडळ याच तत्त्वावर उभे आहे. सभासद सतरा. त्यांपैकी अकरा जण गाडीने कुठेच जात नाहीत (संशोधनातून सवड मिळत नाही). नियम एकच, पण कडक: पंचवीस वर्षे न मुरलेले वेळापत्रक घरात आणू नये. फोनवर वेळ पाहणे ही फितुरी समजली जाते.

मंडळाचे चिटणीस एक निवृत्त घड्याळजी. घरात वेळापत्रके चारशे बारा, चार कपाटे भरून. बायकोच्या कपड्यांना दाराआडची खुंटी.

त्यांची लेक तीन वर्षांनी घरी येणार होती, तीही दोन तासांपुरती. "संध्याकाळच्या गाडीने येते," एवढेच तिने कळवले होते. घड्याळजींना आनंदाने काही सुचेना.

"अहो, गाडी किती वाजता येते ते तरी बघा," बायको म्हणाली.

घड्याळजी कपाटाकडे धावले. संग्रहाचा कुणाला तरी उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी एकोणचाळीस वर्षांपूर्वीचे, चहाचा डाग पडलेले वेळापत्रक काढले (डाग मूळचा, म्हणून दर्जा पहिला).

"सहा दहा!"

"आजचं बघा हो, आजचं!"

"आजचं अजून कच्चं आहे."

सहाला एक-दोन मिनिटे कमी असताना ते घरातून ऐटीत निघाले आणि सहा वाजून नऊ मिनिटांनी फलाटावर पोचले. समोर फळ्यावर ठळक लिहिले होते: पाच पंचवीस. पोर वाट पाहून पाहून परत गेली असणार! एवढ्यात शिटी वाजली आणि गाडी धडधडत आत शिरली. घड्याळात बरोबर सहा दहा.

लेक उतरली ती गळ्यातच पडली. "पाऊण तास लेट झाली हो, बाबा! वाटलं, तुम्ही कंटाळून गेला असाल."

"लेट कुठे? अगदी वेळेवर आलीस," डोळे पुसत घड्याळजी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मंडळाने तातडीची सभा भरवली आणि रेल्वेचे अभिनंदन केले. प्रशासन एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या वेळा आजही निष्ठेने पाळत आहे. चूक असलीच तर नव्या छपाईची. ठराव सतरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (चिटणिसांच्या बायकोला मत नव्हते, चहा होता.)

तुम्ही हसाल. खुशाल हसा. तुमच्या खिशात गाडीची मिनिटामिनिटाची खबर असते, तुमची गाडी कधी चुकत नाही. फलाटावर कुणाला आणायला म्हणून शेवटचे कधी गेला होता, तेवढी तारीख मात्र मंडळाला कळवा. पंचवीस वर्षांहून जुनी असेल, तर आम्ही ती आनंदाने संग्रहात ठेवू.