लिंबाजीच्या अंगठ्याखालची ओळ

“तुम्हाला पटायचं न्हाई, लिहून देतो! पर आमच्या लुंबिनीची झाली तशी तपासणी उभ्या निलंगा तालुक्यात कुणाची झाली न्हाई!”

अशी सुरुवात झाली की लिंबाजी निदान दोन एस.टी. चुकवतो, हे स्टँडवर हॉटेल चालवणाऱ्या शेषेरावाला ठाऊक होतं. त्यानं चहाचं आधण वाढवलं. नात शेजारी भजी खात होती.

लुंबिनी तिसरीतली. तोंडी हिशेबात पटाईत, गोष्टी पाठ. पण पुस्तक उघडलं की दातखीळ! वर्गात ‘ढ’ नाव पडलं, तसं रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं. गुरुजींनी तिचं नाव विशेष शिक्षणाच्या तपासणी शिबिराला पाठवलं. अडचण नेमकी सापडली, तर शिकवायला वेगळ्या बाई मिळणार होत्या. लिंबाजीनं त्यातलं ऐकलं एवढंच, की परीक्षा आहे! तीन लेकरं नोकरीला लावलेला माणूस तो, नात नापास होऊ देतो काय? मागल्या वर्षी शिबिराला गेलेल्या पोराला पेढे चारून त्यानं सारे प्रश्न काढून घेतले, नि आठ दिवस नातीकडून घोकून घेतले.

शिबिरात तपासणी करणाऱ्या वर्षाराणी बाईंनी वाचायला कार्ड दिलं.

“आंब्याचं झाड मोठं आहे! झाडावर पोपट आहे!” लुंबिनी धडाधड सुटली.

बाईंनी कार्ड फिरवलं. मागची बाजू कोरी. लुंबिनीचा पोपट बोलतच होता! आणि पुढच्या बाजूला धडा होता उंटाचा.

मग बाईंनी एकेक अक्षर दाखवलं. लिंबाजी मागं सज्जच होता. एकदा खोकला की ‘ब’, दोनदा खोकला की ‘व’! तेवढ्यात शाळेच्या खिचडीला मिरचीची फोडणी पडली. लिंबाजी एकोणीस वेळा खोकला!

“आबा, एवढी अक्षरं असत्यात व्हय?” लुंबिनी रडकुंडीला आली.

“आजोबा,” बाई गोड हसल्या, “तुम्ही बाहेर सावलीत बसा.”

झालं! आपल्यापायी पोरगी गेली! लिंबाजीनं खिडकी गाठली. बाईंनी लाल-पांढरे ठोकळे मांडून एक नक्षी दाखवली. त्यांचा हात मागं जातोय तोवर लुंबिनीची नक्षी तयार! दुसरी, तिसरी, तीच गत.

“मग वाचताना काय होतं गं?”

“अक्षरं एका जागी बसत न्हाईत, बाई. आमच्या आबासारखी.”

आठ वर्षं अख्ख्या घराला जे दिसलं न्हाई, ते ह्या बाईला चार ठोकळ्यांत दिसलं! लिंबाजीनं खिडकीच्या गजांतूनच हात जोडले.

खरी गोष्ट इथं संपते. लिंबाजीची संपत न्हाई.

“ठोकळ्यांचं पोरीनं निलंग्याचं स्टँड बांधलं, एस.टी.सकट! बाई उठून उभ्या! हा बघा बाईंनी दिलेला कागद, सहा महिने खिशात हाय: ‘अशी हुशार मुलगी जिल्ह्यात नाही, आणि हे सर्व आजोबांच्या शिकवणीमुळे!’”

कागदाच्या शेवटच्या ओळीवर त्याचा अंगठा नेहमीसारखा गच्च होता. शेषेरावानं चहा पुढं केला. बशी घ्यायला लिंबाजीनं अंगठा उचलला.

लुंबिनीनं तेलकट बोट त्या ओळीवर टेकवलं. वेगळ्या बाई आठवड्यातून दोनदा येत होत्या खऱ्या, पण चारचौघांत वाचायला लुंबिनीनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

“पु... पुढच्या... त-पा-सणीला... आ-जो-बांना... आत... बसवू... नये.”

लिंबाजीच्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला, त्याला पत्ताच न्हाई.

लुंबिनीनं बोट वरच्या ओळींवरून सावकाश फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, नि मान वर केली.

“आबा, खोटं सांगायलास! तुझ्या शिकवणीचं ह्यात कायच न्हाई!”